परक्यांसाठी उघडी प्रयोगशाळा : युटाच्या फ्लक्स गटाची वाटचाल

१९६९च्या डिसेंबरात आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाला चौथे केंद्र जोडले गेले, ते सॉल्ट लेक सिटीतल्या युटा विद्यापीठाचे. आधीची तिन्ही केंद्रे कॅलिफोर्नियातली. त्यामुळे संगणकजाळ्यांच्या इतिहासात युटाचे नाव पहिल्याच पानावर आहे. मला मात्र त्याच विद्यापीठात तीस वर्षांनी सुरू झालेली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. तिथल्या ‘फ्लक्स’ नावाच्या संशोधनगटाने खऱ्या यंत्रांचा एक मोठा संच उभा केला आणि तो जगभरच्या संशोधकांना विनामूल्य वापरायला दिला. ५जी आणि त्यापुढच्या जाळ्यांच्या कल्पना खऱ्या रेडिओंवर, खऱ्या शहरात तपासण्याची जी सोय आज तिथे आहे, तिची मुळे या निर्णयात आहेत.

तेव्हाची अडचण आधी समजून घ्यायला हवी. जाळ्यातली वाहतूक अधिक शहाणपणाने वळवण्याची एखादी नवी रीत सुचली, तर ती तपासायची कुठे? चालू इंटरनेटवर नाही, कारण त्यावर बँका आणि हॉस्पिटले चालतात. म्हणून बहुतेक जण सिम्युलेशनकडे वळत. संगणकात काल्पनिक राउटर, काल्पनिक तारा आणि काल्पनिक वाहतूक मांडायची आणि आलेख काढायचे. ‘एनएस’ हा सिम्युलेटर त्या काळी जवळजवळ प्रत्येक विद्यापीठात होता. पण सिम्युलेटरमध्ये तेवढेच घडते, जेवढे लिहिणाऱ्याला सुचले आहे. तिथल्या राउटरची मेमरी ऐन वेळी भरत नाही, ऑपरेटिंग सिस्टीम मध्येच दुसऱ्या कामात गुंतत नाही, नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमधली चूक आडवी येत नाही. खऱ्या यंत्रांवर नेमके हेच आडवे येते.

ज्यांच्याकडे पैसा होता ते स्वतःची छोटी प्रयोगशाळा उभारत. विद्यार्थी केबल ओढत, यंत्रांवर सॉफ्टवेअर चढवत आणि निबंध छापून आला की ती मांडणी मोडली जाई. मग त्या निबंधातला दावा दुसऱ्या कोणाला पुन्हा तपासून पाहायचा असेल तर तो बिचारा काय करणार? विज्ञानात पुनर्तपासणीला जे स्थान आहे, ते जाळ्यांच्या संशोधनात त्या काळी फारसे नव्हते, असे म्हणायला हरकत नाही.

फ्लक्स गटाचे संस्थापक जे लेप्रो मूळचे ऑपरेटिंग सिस्टीमवाले. त्यांच्या गटाने ‘ओएसकिट’ नावाचा सुट्या भागांचा संच बनवला होता. ज्याला नवी ऑपरेटिंग सिस्टीम रचायची आहे, त्याला सगळे शून्यापासून लिहावे लागू नये, म्हणून. १९९४मध्ये ‘ओएसडीआय’ ही परिषद सुरू झाली, तिच्या पहिल्या कार्यक्रम-समितीचे अध्यक्षही तेच होते. दुसऱ्याचे काम सोपे करणारी साधने बनवणे हेसुद्धा संशोधनच आहे, ही धारणा त्यांच्या कामात सुरुवातीपासून दिसते. २००० साली सुरू झालेले ‘एम्युलॅब’ हे त्याच धारणेचे मोठे रूप.

एम्युलॅबमध्ये सुरुवातीच्या काळात १६८ साधे पीसी होते, पेंटियम-३ प्रोसेसरचे, रॅकमध्ये रचलेले. प्रत्येकाला पाच इथरनेट जोडण्या. त्यातली एक नियंत्रणासाठी राखीव, उरलेल्या चार प्रयोग करणाऱ्याच्या हवाली. सगळ्या तारा मोठ्या स्विचमध्ये जात. संशोधकाने आपल्याला हवे ते जाळे एका छोट्या मजकुरात लिहून पाठवायचे : इतकी यंत्रे, ही त्या यंत्राला जोडलेली, या तारेचा वेग इतका, त्या तारेवर इतक्या मिलिसेकंदांचा उशीर आणि शंभरात इतकी डेटाची पाकिटे हरवलेली. मजकुराची भाषा मुद्दाम एनएसचीच ठेवली होती, म्हणजे सिम्युलेशन करणाऱ्याला तोच आराखडा खऱ्या यंत्रांवर आणता यावा. उरलेले काम एम्युलॅबचे. मोकळी यंत्रे शोधायची, स्विचमध्ये आभासी तारा जोडायच्या, दोन यंत्रांच्या मध्ये एक तिसरे यंत्र बसवून त्याच्याकरवी हवा तो उशीर आणि हवी ती गळती घडवायची. हाताने करताना दिवस जात ते काम काही मिनिटांत होऊ लागले.

ऐकायला हे सोपे वाटते. कोणते यंत्र कोणाला द्यायचे हा प्रश्नसुद्धा मुळात अवघड. स्विचमधल्या जोडण्यांची क्षमता मर्यादित असते, यंत्रे वेगवेगळ्या जातींची असतात आणि एका माणसाचा प्रयोग दुसऱ्याच्या प्रयोगाच्या वाटेत येता कामा नये. सर्वोत्तम वाटप शोधायचे तर यंत्रांची संख्या वाढेल तशी गणिते आवाक्याबाहेर जातात. गटाने त्यावर वेगळा सॉल्व्हर लिहिला आणि २००३मध्ये तो प्रसिद्ध केला. दुसरी अडचण डिस्कची. प्रत्येक वापरणाऱ्याला त्या यंत्राचे पूर्ण अधिकार मिळत. त्याने ऑपरेटिंग सिस्टीम बदलावी, तिचा गाभा असलेला कर्नल मोडावा, काहीही करावे. परक्याच्या हातात आपले यंत्र इतके निर्धास्तपणे द्यायचे तर तो गेल्यावर ते पूर्ववत करण्याची खात्रीची सोय लागते. त्यासाठी ‘फ्रिस्बी’ हे साधन आले. एकच डिस्कप्रतिमा जाळ्यावरून एकाच वेळी अनेक यंत्रांना पाठवायची. ८० डिस्कांवर मिळून ५० गीगाबाइट मजकूर ३४ सेकंदांत लिहिला जातो, हे गटाने दाखवून दिले. आणि कर्नल मोडून यंत्र गोठलेच, तर त्याची वीज दूरवरून बंद-चालू करणारी उपकरणे रॅकमध्ये होतीच. पूर्ण अधिकार द्यायचे आणि तरी यंत्र दुसऱ्या दिवशी नव्या माणसाला स्वच्छ मिळेल याची हमी घ्यायची, या दोन गोष्टी एकत्र नांदवणे हे एम्युलॅबचे खरे कौशल्य, असे मला वाटते.

या सगळ्याचे वर्णन करणारा निबंध २००२च्या ओएसडीआयमध्ये आला. नऊ लेखकांच्या यादीत शेवटी अभिजीत जोगळेकर हे नाव वाचून मराठी वाचकाला क्षणभर थांबावेसे वाटेल. त्याच यादीत माइक हिबलर आणि ली स्टोलर हीही नावे आहेत. अशा प्रकल्पांत प्राध्यापकांची आणि पीएच.डी. करणाऱ्यांची नावे लक्षात राहतात, पण रात्री बंद पडलेले यंत्र, बिघडलेला स्विच आणि गोंधळलेल्या परक्या विद्यार्थ्याची ईमेल सांभाळतात ते हे कायम नोकरीतले अभियंते. त्यांना लेखकांच्या पंक्तीत बसवणारा गट मला मोठ्या मनाचा वाटतो.

वापराचे नियमही विचार करण्याजोगे होते. प्रकल्प एखाद्या प्राध्यापकाने किंवा ज्येष्ठ संशोधकाने मागायचा, विद्यार्थ्यांना त्याने त्यात घ्यायचे आणि त्यांच्या वागण्याची जबाबदारीही त्यानेच घ्यायची. शुल्क नाही. मात्र घेतलेली यंत्रे काम न करता पडून राहिली, तर व्यवस्था ती काढून घेई. परिषदांच्या मुदती जवळ आल्या की यंत्रांची टंचाई होई, तेव्हा या नियमाचे महत्त्व कळे. ज्या विद्यापीठाला शंभर यंत्रांची प्रयोगशाळा कधीच परवडली नसती, तिथला विद्यार्थी श्रीमंत संस्थेतल्या विद्यार्थ्याच्याच रांगेत उभा राहून तीच यंत्रे वापरू लागला. सॉफ्टवेअरही गटाने स्वतःजवळ दाबून ठेवले नाही. इतर विद्यापीठांनी ते घेऊन आपापली एम्युलॅब उभारली. सायबरसुरक्षेच्या प्रयोगांसाठी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि बर्कली यांनी मिळून चालवलेला ‘डेटर’ हा टेस्टबेड, म्हणजे प्रयोगांसाठीचा यंत्रसंच, याच सॉफ्टवेअरवर उभा राहिला. संगणकविषाणू कसा पसरतो हे बंदिस्त जागेत पाहायचे, तर त्याला बळी पडणारी खरी यंत्रे लागतात आणि ती पुन्हा पुसून स्वच्छही करावी लागतात. त्यासाठी तयार साधन हाताशी होते.

तारांच्या जाळ्यात सगळे हाती असते. उशीर किती, गळती किती, हे ठरवता येते आणि तोच प्रयोग उद्या पुन्हा तसाच घडतो. बिनतारी जाळ्यात ही सत्ता संपते. रेडिओलहर भिंतीवर आपटून परत येते, दारातून माणूस गेला तरी सिग्नल बदलतो, शेजारच्या खोलीतले वाय-फाय मध्ये लुडबुड करते. गटाने या प्रदेशात पहिले पाऊल टाकले ते चक्क यंत्रमानवांच्या पायांनी. २००६च्या इन्फोकॉम परिषदेत त्यांनी ‘मोबाइल एम्युलॅब’ मांडले. एका लहानशा जागेत चाकांवरचे छोटे रोबो फिरत, त्यांच्या पाठीवर सेन्सर-रेडिओ बसवलेले. छतावरचे कॅमेरे रोबोंच्या माथ्यावरच्या रंगीत खुणा पाहून त्यांची जागा सुमारे एक सेंटीमीटरच्या अचूकतेने ठरवत. हजारो मैलांवरच्या संशोधकाने पडद्यावरच्या नकाशात रोबो ओढायचा आणि तो खोलीत खरोखर तिथे जायचा. आकार लहान होता, पण हालचाल हा बिनतारी संशोधनातला मुख्य भाग आहे आणि ती दुरून, पुन्हा पुन्हा, ठरवलेल्या वाटेने घडवता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

२००८च्या सप्टेंबरमध्ये जे लेप्रो कर्करोगाने गेले. वयाची साठीही त्यांनी पाहिली नाही. ओएसडीआयमधल्या सर्वोत्तम निबंधाचा पुरस्कार आता त्यांच्या नावाने दिला जातो. असे गट अनेकदा एका माणसाच्या ओढीवर चालतात आणि त्याच्यामागे विरून जातात. युटात तसे झाले नाही. एम्युलॅबच्या उभारणीत सुरुवातीपासून असलेले रॉबर्ट रिची पुढे आले, अभियंते टिकून राहिले आणि काम वाढत गेले. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ‘जीनी’ या देशव्यापी प्रकल्पात गटाने एम्युलॅबची कल्पना अनेक विद्यापीठांतल्या रॅकपर्यंत पोचवली. २०१४मध्ये विस्कॉन्सिन आणि क्लेमसन विद्यापीठांसह ‘क्लाउडलॅब’ सुरू झाले. क्लाउडचे संशोधन करणाऱ्याला व्यापारी कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या आभासी यंत्राखाली डोकावता येत नाही. इथे त्याला लोखंडापर्यंतचा पूर्ण अधिकार मिळतो. आज संगणकप्रणालींच्या मोठ्या परिषदांत निबंधासोबत सॉफ्टवेअरही तपासायला देण्याची पद्धत रुजली आहे. त्या तपासणीसाठी लेखक अनेकदा क्लाउडलॅबवरचा तयार आराखडा देतात. तपासणाऱ्याने तो उघडला की तशाच जातीच्या यंत्रांवर तोच प्रयोग उभा राहतो.

मोबाइल जाळ्यांकडे गट वळला तो कोबस व्हॅन डर मर्व यांच्यासोबत. एटी अँड टीच्या संशोधनशाळेतून ते युटात आले. त्यांच्या आजच्या प्राध्यापकपदाला लेप्रो यांचेच नाव आहे. ‘फँटमनेट’ या त्यांच्या टेस्टबेडमध्ये खरी बेस स्टेशन आणि खरे फोन होते, पण हवेत काहीच सोडले जात नसे. फोनचा अँटेना काढून तिथे केबल जोडलेली. ती केबल जाई सिग्नल कमी-जास्त क्षीण करणाऱ्या उपकरणांच्या एका पेटीत आणि तिथून बेस स्टेशनला. पेटीतला क्षय हळूहळू वाढवला की फोनला वाटे, आपण टॉवरपासून दूर चाललो आहोत. दुसऱ्या बाजूचा क्षय कमी केला की तो दुसऱ्या टॉवरकडे वळे. फोन रॅकमध्ये जागचा हलत नसे आणि तरी एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाण्याचा सगळा व्यवहार खऱ्या यंत्रांवर, हव्या त्या गतीने, हवा तितक्या वेळा घडवता येई. हवेच्या लहरीपणावर काढलेला हा तोडगा मला फार आवडतो.

तरी हवा ती हवा. डोंगर, इमारती, हिवाळ्यातला बर्फ, गर्दीच्या वेळी भरलेल्या बस, हे सगळे पेटीत मावत नाही. २०१८च्या एप्रिलमध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनने प्रगत बिनतारी संशोधनासाठी शहराएवढ्या टेस्टबेडांची घोषणा केली. १० कोटी डॉलरच्या त्या कार्यक्रमात निम्मा वाटा उद्योगांच्या समूहाचा. पहिली दोन शहरे निवडली गेली, न्यूयॉर्क आणि सॉल्ट लेक सिटी. न्यूयॉर्कच्या ‘कॉसमॉस’मागे रटगर्स, कोलंबिया आणि न्यूयॉर्क विद्यापीठ उभे होते. सॉल्ट लेकच्या टेस्टबेडचे नाव ‘पावडर’. मोठ्या संख्येने अँटेना वापरणाऱ्या तंत्रासाठी ह्यूस्टनचे राइस विद्यापीठ सोबतीला होते.

पावडरमध्ये विद्यापीठाच्या उंच इमारतींच्या गच्च्यांवर अँटेना आहेत आणि त्यांच्याजवळच्या पेट्यांत सॉफ्टवेअर रेडिओ. साध्या रेडिओचे काम सर्किटात कोरलेले असते. सॉफ्टवेअर रेडिओ कोणत्या लहरीवर, कोणत्या भाषेत बोलणार हे प्रोग्रॅमने ठरते. आज ४जी, उद्या ५जी, परवा ज्याला अजून नावही नाही असे काही. ओपनएअरइंटरफेस किंवा एसआरएसरॅन यांसारखी खुली सॉफ्टवेअरे त्यावर चढवून विद्यार्थी स्वतःचे मोबाइल जाळे उभारतो, अगदी टॉवरपासून मधल्या नियंत्रणकेंद्रापर्यंत. गच्च्यांवरचे सिग्नल फायबरने सर्व्हरांपर्यंत येतात. जमिनीजवळ, माणसाच्या उंचीवर, ठिकठिकाणी स्थिर रेडिओ आहेत आणि विद्यापीठाच्या शटल बसमध्ये फिरते. बस आपल्या वेळापत्रकाने धावते, ती कोणाच्या प्रयोगासाठी थांबत नाही. प्रयोगकर्त्याला त्या वेळापत्रकाशीच जुळवून घ्यावे लागते. फँटमनेटची केबल आणि पेटीची व्यवस्थाही इथे ठेवली आहे. आधी बंदिस्त जागेत तपासा, मग हवेत जा. या दोन पायऱ्यांचा क्रम हा गटाने वीस वर्षांत कमावलेला शहाणपणा आहे.

हवेत जाण्यात एक मोठी जबाबदारी असते. तारेवर चूक झाली तर फार तर आपला प्रयोग बिघडतो, हवेत चूक झाली तर शेजारच्या माणसाचा फोन तुटतो किंवा आणखी वाईट घडते. स्पेक्ट्रम ही सार्वजनिक मालमत्ता, तिच्यावर सरकारी नियमन असते. २०१९मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने न्यूयॉर्क आणि सॉल्ट लेक सिटी इथल्या टेस्टबेडांच्या परिसरांना ‘इनोव्हेशन झोन’ ठरवले. त्यामुळे प्रायोगिक परवाना असलेल्यांना तिथे ठरावीक पट्ट्यांत नवे प्रयोग करण्याची मोकळीक मिळाली. तरीही पावडरवर वापरणाऱ्याला आधी लहरींचा पट्टा आणि वेळ राखून ठेवावी लागते, हवेत काय चालले आहे यावर टेस्टबेडची स्वतःची पाळत असते. ठरवून दिलेल्या पट्ट्याबाहेर कोणी बोलू लागला तर प्रक्षेपण थांबवले जाते. परक्याला पूर्ण अधिकार द्यायचे आणि त्याच्यामागे सगळे पूर्ववत ठेवायचे, ही एम्युलॅबची जुनी गाठ इथे पुन्हा सोडवावी लागली. या वेळी पुसून स्वच्छ करायची गोष्ट डिस्क नव्हती, शहरावरची हवा होती.

आपल्याकडेही या वाटेवर पावले पडली आहेत. १७ मे २०२२ रोजी, ट्राय या भारतीय दूरसंचार नियामकाच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात, पंतप्रधानांनी देशी ५जी टेस्टबेडचे उद्घाटन केले. आयआयटी मद्रासच्या नेतृत्वाखाली आठ संस्थांनी तो २२० कोटींहून अधिक खर्चाने उभारला. त्यांत पवईची आयआयटी मुंबई आहे आणि मुख्यालय पवईतच असलेली ‘समीर’ ही संशोधनसंस्था आहे. हा टेस्टबेड सरकारमान्य स्टार्टअप आणि लघुउद्योगांना जानेवारी २०२४पर्यंत विनामूल्य खुला केला गेला. २०२३च्या ऑक्टोबरात देशभरच्या शिक्षणसंस्थांना शंभर ५जी लॅब देण्यात आल्या. परदेशी उपकरणांवाचून आपल्या अभियंत्यांना आपले काम तपासता यावे, ही त्यामागची इच्छा रास्त आहे आणि तिचे मनापासून स्वागत केले पाहिजे.

युटाची वाटचाल वाचताना या लॅबबद्दल माझ्या मनात काही अपेक्षा पक्क्या झाल्या. रेडिओ आणि सर्व्हर पाच-सात वर्षांत जुने होतात, त्यामुळे उद्घाटनाच्या निधीइतकाच निधी पुढच्या खरेदीसाठी आणि देखभाल करणाऱ्या अभियंत्यांच्या कायम पगारासाठी हवा. लॅब ज्या महाविद्यालयात आहे त्याच्या वेळापत्रकात अडकू नये. जळगावच्या किंवा रत्नागिरीच्या महाविद्यालयातल्या मुलीला रात्री अकरा वाजता वसतिगृहातून त्यातला रेडिओ राखून ठेवता यावा, त्यावर पूर्ण अधिकार मिळावा आणि तिच्या हातून काही मोडले तर सकाळी तो आपोआप पूर्ववत झालेला असावा. तिने काढलेले निष्कर्ष आणि वापरलेला आराखडा दुसऱ्या कोणालाही उघडून पाहता यावा. यांपैकी बहुतेक कामांसाठी लागणारे सॉफ्टवेअर फ्लक्स गटाने खुले ठेवले आहे. ते आणून आपल्या लॅबवर चढवायला कोणाच्या खास परवानगीची गरज नाही.